स्टिअरिंगवाचून स्वित्झर्लंड

परदेशी सहलीची बातमी फुटली की पहिल्या आठवड्यात लोक जे प्रश्न विचारतात, त्यावरून काळ ओळखावा. आमच्या आईवडिलांच्या पिढीला विचारायचे, "जेवणाचं काय करणार?" पुढे आलं, "कुठल्या टूरबरोबर?" हल्ली पहिलाच प्रश्न असतो, "तिकडे गाडी घेताय ना?"

"नाही, रेल्वेने आणि बसने फिरणार आहोत," असं म्हटलं की समोरच्याचा आवाज एकदम मऊ होतो. आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा तो म्हणतो, "चालतं हो, तसंही करतात लोक." आणि घरी जाऊन बायकोला सांगतो की यांचं बजेट जरा बेताचं दिसतंय.

मला याची गंमत वाटते. ज्या माणसाने उभं आयुष्य लोकलच्या दारात एका पायावर काढलं, मामाच्या गावाला जायला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, बसमध्ये ड्रायव्हरमागच्या जाळीला डोकं टेकून झोपा काढल्या, त्याला परदेशाचा शिक्का बसल्याबरोबर सार्वजनिक वाहनाची लाज वाटू लागते. गाडीशिवाय फिरण्याचं एवढं शिक्षण जगात फार थोड्या लोकांना मिळालेलं असतं. आणि ज्या देशात ते शिक्षण कामाला येईल, नेमकं तिथेच आपण ते बॅगेच्या तळाशी घालून स्टिअरिंगला हात घालतो.

आमच्या बाबतीत गाडीचे वकील म्हणून साडू उभे राहिले. ते न्यू जर्सीला असतात. तिथे दूध आणायलासुद्धा गाडी काढावी लागते, त्यामुळे पायी चालणारा माणूस दिसला की त्याची गाडी बंद पडली असावी असं त्यांना मनापासून वाटतं. व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले, "अहो, फ्लेक्झिबिलिटी! वाटेल तेव्हा निघा, वाटेल तिथे थांबा. शिवाय सासूबाई आहेत बरोबर." सासूबाई त्यांच्याही सासूबाई, म्हणून त्यांना काळजी. पण त्या येणार आमच्याबरोबर, त्यामुळे ती काळजी न्यू जर्सीतून सोसवेल इतपतच होती.

आता 'वाटेल तेव्हा निघा' हा सल्ला ज्याने दिला त्याने मराठी कुटुंब सकाळी घराबाहेर पडताना पाहिलेलं नाही, किंवा पाहून बरीच वर्षं झाली असावीत. वाटेल तेव्हा निघायचं ठरलं की आमच्याकडे अकरा वाजतात. चहा होतो. दुसरा चहा होतो. कुणाचा तरी चार्जर सापडत नाही. सगळे बूट घालून तयार झाले की एकाला बाथरूमची आठवण होते, आणि त्याचं पाहून उरलेल्यांनाही होते. दारात उभा राहून घरचा कर्ता पुरुष जे ओरडतो त्याला काडीची किंमत नसते, कारण गाडी आपलीच आहे आणि ती सुटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तेच "नऊ वाजून चार मिनिटांची ट्रेन आहे" म्हटलं की पावणेनऊला सगळे फलाटावर. कुणी कुणावर ओरडलेलं नसतं. जे काम मला इतक्या वर्षांच्या संसारात जमलं नाही ते स्विस रेल्वे रोज सकाळी फुकटात करून देते.

भाड्याच्या गाडीचा आम्ही विचारच केला नाही असं नाही. रीतसर केला. त्यासाठी आपल्याच आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो. तो वर्षभर चालतो. गाडी घेताना गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं आणि त्यावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात. ही झाली कागदपत्रं. खरी परीक्षा पुढे असते. तिथे रस्त्याच्या उजवीकडून जायचं, बसायचं डावीकडे आणि गिअर उजव्या हातात. यातलं काहीही माणूस दोन दिवसांत शिकतो. शिकत नाही ती एकच गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते, तिकडे ती डावीकडे, आणि उजवीकडे असतो वायपर. त्यामुळे युरोपातल्या एखाद्या चौकात लख्ख ऊन पडलंय, आकाशात ढगाचा ठिपका नाही आणि एका गाडीचे वायपर जिवाच्या आकांताने चाललेत असं दिसलं, तर खुशाल समजावं की आतला माणूस ठाण्याचा किंवा कोथरूडचा आहे आणि त्याला डावीकडे वळायचंय.

त्याच्या शेजारी नकाशा घेऊन बायको बसलेली असते. नवराबायकोच्या नात्यावर पुस्तकं लिहिणाऱ्यांनी या सीटचा अभ्यास करायला हवा. मोबाईलमधली बाई म्हणते, "तिसऱ्या रस्त्याने बाहेर पडा." बायको म्हणते, "अहो, तिसरा!" नवरा म्हणतो, "तिसरा कुठून मोजून तिसरा?" तोवर चौथा जातो. मागच्या सीटवरून मुलगी म्हणते, "बाबा, ते बघा तळं!" आणि बाबा समोरच्या ट्रकचा नंबर पाहत म्हणतात, "हो, छान आहे." परत आल्यावर फोटो बघताना त्यांना पहिल्यांदा कळतं की आपण ब्रिएन्झच्या सरोवराकाठून गेलो होतो आणि त्याचं पाणी मोरपंखी असतं. माझा हिशेब साधा आहे. चार माणसांनी गाडी घेतली तर सुट्टीवर तीनच जातात. चौथा ड्रायव्हर असतो. त्याला पगार मिळत नाही, उलट पेट्रोलही तोच भरतो.

दंडाचा विषय तर मी घरात काढलाच नाही. गावातल्या वेगमर्यादेपेक्षा ताशी एक ते पाच किलोमीटर जास्त जाल तर ४० फ्रँक. आपल्याकडे एवढ्या फरकाला वेग वाढला असं कुणी म्हणत नाही, काटा जरा हलला म्हणतात. पार्किंगच्या निळ्या पट्ट्यात गाडी लावली की काचेमागे एक पुठ्ठ्याचं घड्याळ ठेवायचं आणि आपण कधी आलो ते आपणच त्यावर लावायचं. दहा वाजून दहाला पोचलात तर काटा साडेदहावर, म्हणजे वरची वीस मिनिटं सरकारतर्फे भेट. हे ऐकल्यावर मुलीने विचारलं, "मग मध्येच जाऊन काटा पुढे सरकवला तर?" त्या क्षणी मी ठरवलं की या देशात आपल्या कुटुंबाच्या हाती गाडी नको.

पण गाडीचा खरा निकाल लागला तो त्सेरमाटच्या प्रश्नावर. मॅटरहॉर्नचा तो तिरपा सुळका ज्या गावातून दिसतो ते त्सेरमाट. इंटरलाकेनहून तिथे गाडीने जायचं कसं, हे साडूंनी मोठ्या उत्साहाने नकाशावर दाखवायला घेतलं. इंटरलाकेनहून कांडरश्टेगपर्यंत गाडी हाकायची. पुढे डोंगर आडवा येतो आणि त्यातून रस्ता नाही, रेल्वेचा बोगदा आहे, १९१३ सालचा, साडेचौदा किलोमीटरचा. तिथे तुम्ही तुमची गाडी रेल्वेच्या सपाट डब्यावर चढवायची, हँडब्रेक ओढायचा आणि गाडीत बसून रेल्वेने पलीकडे गोपेनश्टाइनला जायचं. तिथे उतरून पुन्हा गाडी हाकत टेश नावाच्या गावी पोचायचं. आणि टेशला गाडी ठेवून द्यायची, कारण त्सेरमाटमध्ये बाहेरच्या मोटारींना बंदी आहे. तिथून पुढे त्सेरमाटला कसं जायचं? रेल्वेने.

साडू नकाशावर बोट ठेवून बराच वेळ गप्प होते. मला वाटलं नेट गेलं.

वेंगेन आणि म्युरेन ही गावंही अशीच. वेंगेनला तर जायला दातेरी रुळांची रेल्वे हाच रस्ता. गाडी घेऊन गेलात तर खाली लाउटरब्रुनेनला पैसे भरून ठेवायची आणि बॅगा उचलून त्याच ट्रेनमध्ये चढायचं, जिच्यात मी तुमच्या आधी खिडकी पकडून बसलेला असेन. म्हणजे या देशात गाडी भाड्याने घेणारा माणूस फिरतो रेल्वेनेच, फक्त दर थोड्या वेळाने त्याला आपली गाडी कुठे ठेवलीय याची चिंता करता येते.

आता थोडं त्या रेल्वेबद्दल, कारण गाडीशिवाय सहल आखायची तर वेळापत्रक हेच कुलदैवत. स्वित्झर्लंडने १९८२ साली देशभर एक साधी पद्धत लावली. गाडी दर तासाला, त्याच मिनिटाला. आठ वाजून दोनला सुटणारी गाडी नऊ वाजून दोनलाही असते आणि दहा वाजून दोनलाही. १९८७ मध्ये त्यांनी चक्क सार्वमत घेऊन 'रेल्वे २०००' नावाची योजना मंजूर केली. तिच्यामागचा विचार मला फार आवडतो. गाड्या जमतील तेवढ्या वेगाने पळवायच्या नाहीत, लागेल तेवढ्याच वेगाने पळवायच्या. मोठ्या स्टेशनांवर सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या ठोक्याआधी येऊन उभ्या राहतात, माणसं इकडून तिकडे जातात, आणि ठोका पडून गेला की सगळ्या निघतात. हे जुळायचं तर झ्युरिक ते बर्न प्रवास तासाच्या आत बसायला हवा, आणि तो बसत नव्हता. मग २००४ च्या डिसेंबरात त्यांनी मधला नवा मार्ग सुरू केला आणि प्रवास ५६ मिनिटांवर आणला. ५० वर आणायची हौस त्यांना नव्हती. लवकर पोचून करायचं काय? पुढची गाडी ठोक्यानंतरच सुटणार. आपल्याकडे एवढ्या कोटींचा मार्ग बांधून कुणी 'बास, इतकंच पुरे' म्हटलं असतं तर त्याची चौकशी लागली असती.

तीन मिनिटांपेक्षा कमी उशीर झाला तरच तिकडे गाडी वेळेवर धरतात. स्टेशनावरच्या घड्याळाचा लाल सेकंद काटासुद्धा शिस्तीतला. तो साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी पुरी करतो आणि बाराच्या आकड्यावर दीड सेकंद थांबतो, मध्यवर्ती घड्याळाचा इशारा येईपर्यंत. मग मिनिट काटा टुणकन पुढे उडी मारतो. सासूबाईंनी हे पाहिलं आणि त्या फलाटावर बराच वेळ मान वर करून उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "याला म्हणतात रजेचा अर्ज मंजूर झाल्याशिवाय जागा न सोडणं."

सासूबाईंबद्दल साडूंना जी काळजी होती ती किती अस्थानी होती हे इथे सांगायला हवं. गाडी बदलायला सहा मिनिटं आहेत, हे कळल्यावर मी घाबरलो होतो, मुलगी घाबरली होती. सासूबाईंनी नोकरीची सगळी वर्षं डोंबिवली ते सीएसटी केली आहेत. त्या म्हणाल्या, "सहा मिनिटांत मी दादरचा पूल ओलांडून, वाटेत दोन जुड्या मेथी घेऊन गाडी पकडलेली आहे. इथे तर जिनाही हलतोय." आणि खरोखर, श्पीत्सला आम्ही तिघं बॅगांना धरून फलाटाचं अक्षर शोधत होतो तेव्हा त्या पलीकडच्या डब्यात बसून हाताने खुणावत होत्या. एकच सवय त्यांना मोडता आली नाही. तिकडे दोन-दोनच्या सीट असतात. एका स्टेशनावर एक उंच स्विस गृहस्थ डब्यात चढले, तशा सासूबाई सवयीने आत सरकल्या, आम्हालाही कोपराने सरकवलं आणि वीतभर जागा मोकळी करून त्यावर हात आपटत म्हणाल्या, "या, बसा." लोकलमधली चौथी सीट! गृहस्थांनी त्या वीतभर जागेकडे पाहिलं, रिकाम्या पडलेल्या अर्ध्या डब्याकडे पाहिलं, आणि भलत्या अदबीने 'मर्सी' म्हणून ते लांब जाऊन बसले. "शिष्ट आहेत," सासूबाई म्हणाल्या.

या सगळ्याला पुरून उरतो तो पास. स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ सलग दिवसांचा मिळतो. रेल्वे, बस, सरोवरातल्या बोटी, शहरातल्या ट्राम, सगळ्यांवर तो चालतो. शिवाय पाचशेहून जास्त संग्रहालयं फुकट. ही कल्पना ऐकून लोक थक्क होतात, पण आपल्या एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना काय वेगळी आहे? ४ दिवसांचा नाहीतर ७ दिवसांचा पास काढा आणि हवं तिकडे हिंडा. तिकडचा पास दाखवताना आम्ही भारावून जातो, आणि इकडचा पास काढणाऱ्याला विचारतो, "रिटायर झालात वाटतं?"

फुकट या गोष्टीचा मात्र एक तोटा आहे. बोट फुकट म्हटल्यावर ती सोडवत नाही. पहिले दोन दिवस आम्ही काहीही पाहिलं नाही, नुसता पास वसूल केला. हिने वहीत दोन रकाने आखले होते, एकात आज तिकिटं काढली असती तर किती झाले असते आणि दुसऱ्यात पासाचा रोजचा खर्च. संध्याकाळी सात वाजता, पाय तुटत असताना, "अजून एक ट्राम केली की आज फिटतील" असं म्हणून आम्ही लुत्सर्नमध्ये ट्राम शोधत निघालो. लुत्सर्नमध्ये ट्रामच नाही, विजेवरच्या बस आहेत. बसने वसूल केले.

पिवळ्या पोस्टबसबद्दल वेगळं लिहायला हवं. रेल्वे जिथे संपते तिथे ती सुरू होते. म्हणजे 'जेथे रस्ता तेथे एसटी', पण कर्ण्याला रॉसिनीचं संगीत. आंधळ्या वळणावर ड्रायव्हर जो तीन सुरांचा भोंगा वाजवतो तो रॉसिनीच्या 'विल्यम टेल'मधून घेतलेला आहे. डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर या बसचा मान पहिला. समोरून भाड्याची गाडी आली तर बसचा ड्रायव्हर सांगेल तसं गाडीवाल्याने मागे जायचं. आम्ही बसमध्ये वर बसून हा देखावा पाहिला. एक गाडी कड्याच्या बाजूने इंच इंच मागे सरकत होती. आत नवरा मान वळवून घामाघूम झाला होता, शेजारची बाई डोळे मिटून बसली होती आणि गाडीचे वायपर चालू होते. "आमची पहिली पोस्टमोटार १ जून १९०६ ला बर्नहून सुटली," असं एका फलकावर वाचलं आणि मी उगाचच हळवा झालो. आपली दख्खनची राणी १९३० सालच्या १ जूनला धावली, आणि एसटीची पहिली बस पुणे–अहमदनगर मार्गावर १९४८ सालच्या १ जूनला. या तारखेत काहीतरी आहे. भाड्याच्या गाडीला असा वाढदिवस असतो का?

गाडीशिवाय सहल आखण्यात अडचण एकच, सामान. गाडीच्या डिकीत काय काय भरलंय हे उतरेपर्यंत कळत नाही. इथे ते प्रत्येक जिन्यावर कळतं. म्हणून मी नियम केला, की जो जे बरोबर घेईल त्याने ते उचलायचं. या एका वाक्याने घरात जी शांतता पसरली ती मी आधी अनुभवली नव्हती. इस्त्री गेली. छोटा कुकर गेला. चिवड्याचे पाच किलो दोनवर आले. बेसनाच्या लाडवांवर मात्र हिने तडजोड केली नाही. "मी उचलीन," ती म्हणाली, आणि शेवटपर्यंत तिने ते उचलले, म्हणजे दर स्टेशनावर आम्हाला एकेक खायला लावून वजन कमी करत आणलं. मेतकूट-भातासाठी विजेची किटली घेतली होती. तिकडचा सॉकेट उरलेल्या युरोपाहून वेगळा, खोलगट, सहा कोनांचा असतो. इकडून ऐटीत विकत घेतलेला, सगळ्या जगात चालणारा जाडजूड अ‍ॅडॅप्टर त्यात शिरलाच नाही. मोबाईलच्या चार्जरची साधी दोन पिनांची काडी मात्र निमूट बसली. एक सांगून ठेवतो, रविवारी दुकानं बंद असतात. उघडी असतात ती रेल्वे स्टेशनातली. गाडीवाले त्या दिवशी दह्यासाठी स्टेशन शोधत हिंडतात. आम्ही तिथेच असतो.

खिडकीच्या जागेवरून होणारी भांडणं ही रेल्वे कशी मिटवते तेही पाहण्यासारखं आहे. लुत्सर्नहून इंटरलाकेनला जाणारी गाडी ब्र्यूनिगची खिंड ओलांडते. वाटेत सरोवरं, हिरवी कुरणं, दातेरी रुळांवरून हळूहळू चढणारी गाडी. गाडी ज्या दिशेला चाललीय त्या दिशेला तोंड करून बसायचं, यावर मुलीत आणि माझ्यात वाद झाला. अखेर वय, शिक्षण आणि पासाचे पैसे कुणी भरले या मुद्द्यांवर मी जागा जिंकली. मायरिंगेन नावाचं स्टेशन आलं. गाडी पाच-सहा मिनिटं थांबली. आणि मग ती आली तशीच उलट्या दिशेने निघाली, कारण त्या स्टेशनात गाडीला तोंड फिरवावं लागतं. उरलेला सगळा प्रवास मी मागे जाणाऱ्या डोंगरांकडे पाहत केला. मुलगी समोर बसून मला पुढचं वर्णन सांगत होती.

पण सगळ्यात मोठा चमत्कार त्याच्याही पुढे आहे. इंटरलाकेन ओस्टहून युंगफ्राउच्या बाजूला जाणारी गाडी सुटताना एक असते आणि वाटेत तिच्या दोन होतात. अर्धी गाडी जाते लाउटरब्रुनेनला आणि अर्धी ग्रिंडेलवाल्डला. त्या स्टेशनाचं नाव त्स्वायल्यूचिनेन. काळी आणि पांढरी ल्यूचिने या दोन नद्या जिथे एक होतात, नेमकी तिथेच गाडी दोन होते. डब्यांवर पाट्या असतात, घोषणाही होते. पण घोषणा ऐकायची तर तोंड बंद हवं.

आमच्या डब्यात नाशिकचं एक कुटुंब होतं. आई, बाबा, दोन मुलगे आणि आजोबा. जागा पसंत नाही म्हणून आई पिशवी घेऊन पुढच्या डब्यात गेल्या. तिथे खिडकी मिळाली, तशी त्यांनी तिथूनच फोन केला, "मी इथे निवांत बसलेय, तुम्ही बसा तिकडे." त्स्वायल्यूचिनेनला गाडी थांबली, काहीतरी खटकन वाजलं आणि पुढचे डबे निघून गेले. आमचे उभेच. नाशिकच्या बाबांनी खिडकीतून पाहिलं. त्यांच्या सौभाग्यवती हात हलवत लाउटरब्रुनेनच्या दिशेने चालल्या होत्या. त्यांना वाटत होतं, शेजारच्या रुळावरची दुसरीच कुठली तरी गाडी मागे पडतेय. मग आमचाही भाग सुटला, ग्रिंडेलवाल्डला.

धाकटा म्हणाला, "आई गेली?" थोरला म्हणाला, "पिशवी तिच्याकडेच आहे." तेव्हा बाबांचा चेहरा पडला. पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं, सगळं लाउटरब्रुनेनला चाललं होतं. आजोबा एकटेच शांत होते. ते म्हणाले, "मनमाडला व्हायचं असं. काही डबे इकडे, काही तिकडे."

वेळापत्रकाची खोली कळली ती इथे. ग्रिंडेलवाल्डहून वर जाणारी दातेरी रेल्वे आणि लाउटरब्रुनेनहून वेंगेनमार्गे वर जाणारी दातेरी रेल्वे, दोन्ही एकाच ठिकाणी जाऊन मिळतात, क्लायने शायडेगला, २०६१ मीटरवर, आयगरच्या पायथ्याशी. मी ते बाबांना दाखवलं. त्यांनी फोन केला. "तू तिकडून वर ये, आम्ही इकडून वर येतो." पलीकडून काहीतरी बराच वेळ ऐकू आलं. मग ते म्हणाले, "अगं, परत फिरायची गरज नाही. वरच भेटू."

वर पोचलो तर त्या आमच्या आधीच बाकावर बसलेल्या. समोर आयगर, म्योंश आणि युंगफ्राउ ओळीने उभे. पिशवी उघडलेली. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नाही. हिने विचारलं, "घाबरला असाल ना?" त्या म्हणाल्या, "पहिली पाच मिनिटं. मग लक्षात आलं, लग्न झाल्यापासून मी एवढा वेळ खिडकीत एकटी बसलेच नव्हते. कुणी काही मागितलं नाही, कुणी काही सांडलं नाही. वेंगेनला उतरून एक कॉफीसुद्धा प्यायले." भाड्याच्या गाडीत हे सुख त्यांना कुठून मिळालं असतं? तिथे सगळं कुटुंब पाच सीटांत पट्टे बांधून एकत्र असतं.

साडूंना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्ही पुढच्या वर्षी आइसलंडला जातोय. तिथे काय कराल?" तिथे गाडी घ्यावी. न्यूझीलंडलाही घ्यावी. जिथे मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही आणि बस दिवसातून एकदा येते, तिथे रेल्वेचा हट्ट धरणं म्हणजे नुसतं तत्त्वाला चिकटणं. पण आल्प्समध्ये, जपानमध्ये, ऑस्ट्रियात गाडी घेणाऱ्याने आधी आपल्या वायपरची परीक्षा घ्यावी.

आणि स्वित्झर्लंडला जाणारच असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पासाचे दिवस सलग मोजतात, त्यामुळे मधे आराम करायचा असेल तर फ्लेक्स प्रकारचा घ्या. तो महिन्याभरातल्या हव्या त्या दिवसांना लावता येतो. मुलं सोळा वर्षांची व्हायच्या आत न्या. तोवर पास घेतलेल्या आईबाबांबरोबर ती फुकट फिरतात, त्यासाठी स्विस फॅमिली कार्ड लागतं. त्याला पैसे पडत नाहीत, पण ते आपणहून कुणी हातात ठेवत नाही. पास घेतानाच मागून घ्या.